वाढता पगार आणि घरची संध्याकाळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी घाटघर येथे केलेले भाषण)



 मी काही विदुषी नाही. रोजच्या संसारात जे प्रश्न पडतात त्यांतलाच एक आपल्यापुढे मांडणार आहे. घरच्या माणसाला जास्त पगाराची नोकरी चालून आली, पण त्यासाठी घरापासून दूर राहावे लागणार असेल, तर काय करावे? आणि ‘आता चार वर्षे कष्ट काढू, पैसा साठवू, मग लवकर नोकरी सोडून घरीच राहू’ असा बेत असेल, तर तो कितपत खरा धरावा?

कोणी म्हणेल, हे पुण्या-मुंबईच्या लोकांचे प्रश्न, जीवधनाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्याला त्यांचे काय? पण भगिनींनो, हा प्रश्न आपल्या घाटाइतका कोणाच्याच ओळखीचा नसेल. आपल्याकडे पाऊस उदंड, पण जमीन थोडी आणि तीही उताराची. भात, नाचणी, वरई यांवर वर्ष निघत नाही. उन्हाळ्याच्या तोंडी बाळहिरडा गोळा करून चार पैसे हाती येतात, तेही भाव मिळाला तर. म्हणून घरटी एक माणूस बाहेर, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कोणी नाणेघाट उतरून मुरबाडमार्गे कल्याणला गेले, कोणी जुन्नरहून एस.टी.ने मुंबईला. कोणी गिरणीत लागले, कोणी बाजारात पाठीवर ओझी वाहिली. तेव्हा पगार आणि घर यांतली ओढाताण आपण नावाने ओळखत नसू, पण अंगाने ओळखतो.

माझे वडील मुंबईला गिरणीत होते. वर्षातून दोनदा घरी येत, शिमग्याला आणि गणपतीला. मनीऑर्डर मात्र महिन्याला चुकली नाही. त्या पैशांवर आम्ही भावंडे शिकलो, आजीचे औषधपाणी झाले, घरावर कौले चढली. म्हणून ‘पैशात काय आहे?’ असे म्हणणाऱ्यांचे मला नवल वाटते. ज्याच्या घरी श्रावणात कणगी रिकामी झाली आहे, तो असे कधी म्हणणार नाही. बापाची माया नेहमी मांडीवर घेऊनच दाखवली जाते असे नाही. ती पोस्टमनच्या पिशवीतूनही येते.

वडिलांच्या मनात एक बेत होता. पन्नाशी झाली की गिरणी सोडायची, फंड घ्यायचा आणि गावी येऊन शेत बघायचे. मुंबईला गेलेल्या प्रत्येक घाटी माणसाच्या मनात हा बेत असेच. पण १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा तो संप वर्षाहून अधिक चालला, आणि हजारो लोकांना पुन्हा कामावर जाता आलेच नाही. त्यांतच माझे वडील होते. ते घरी आले, पण ठरवून नव्हे. आम्ही मुले तोवर मोठी झालो होतो. आमचे बोलणे आईशी. त्यांच्याशी बोलायला विषय सापडत नसे. ते पडवीत बसत आणि आम्ही आत. वाईट कोणीच नव्हते. सवय नव्हती, इतकेच. पुढे माझ्या मुलांशी त्यांचे फार जमले, ही देवाची कृपा. पण आमच्या वाटणीची वर्षे काही परत आली नाहीत.

तेव्हापासून माझ्या मनाने एक गोष्ट घेतली आहे. पैसा साठवता येतो, पण मुलांचे वय साठवून ठेवता येत नाही. निवृत्तीनंतर देईन म्हणून राखून ठेवलेला वेळ ज्याला द्यायचा, तो तोवर त्याच वयाचा राहत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. घरचा माणूस दूर राहिला की जास्तीचा पगार सगळाच्या सगळा घरी येतो काय? मुंबईत घरापासून दूर, एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा मिळून राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या बाया होत्या. त्या खानावळवाल्या बायांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. फार मोठे काम ते. पण त्या कामामागचा हिशेब आपण पाहावा. नवऱ्याला घरी जे ताट बायकोच्या हातून मिळाले असते, तेच मुंबईत पगारातून पैसे मोजून घ्यावे लागे. खोलीचे भाडे वेगळे, येण्याजाण्याचा खर्च वेगळा. आणि इकडे शेतात त्याच्या वाटचे काम करायला मजूर लावावा लागे, नाहीतर ते काम बायकोच्या अंगावर पडे. पगाराच्या आकड्यात यातले काहीच लिहिलेले नसते.

हिशेब मांडणे आपल्या घाटाला नवे नाही. नाणेघाटात दगडी रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या मालावरची जकात त्यात टाकीत, असे सांगतात. शेजारच्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे. यज्ञात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दान दिले, याचे आकडे त्यात कोरलेले आहेत, आणि आपल्या देशातली जुनी अंकचिन्हे म्हणून विद्वान ते लेणे पाहायला येतात. दोन हजार वर्षांपूर्वी इथे एका बाईने हिशेब दगडावर कोरवून घेतला. आपण निदान वहीत तरी मांडावा!

आमच्या घरचा हिशेब सांगते. माझे यजमान जुन्नरला नोकरीला होते. पगार २४,००० रुपये. रोज मोटारसायकलने जात आणि दिवेलागणीला घरी येत. ते ३८ वर्षांचे असताना चाकणकडच्या एका कारखान्यातून बोलावणे आले. पगार ३४,०००. एकदम दहा हजारांची वाढ! घरात आनंद झाला. मलाही झाला, खोटे कशाला सांगू? त्यांचे म्हणणे होते, ‘पन्नाशीला नोकरी सोडायची हे ठरलेच आहे. हा पगार मिळाला तर त्याआधीच सुटेन. मग मी, तू, शेत आणि मुले.’

आम्ही रात्री वही घेऊन बसलो. चाकणला खोलीच्या भाड्यातला वाटा २,०००. खानावळीचा, घरचे जेवण वजा जाता, वरचा खर्च २,०००. आठवड्याला येण्याजाण्याचे महिन्याकाठी १,५००. शेतातले त्यांचे काम मजुरांकडून करून घ्यायचे, त्याची वर्षाची सरासरी काढली तर महिना १,५००. एकूण ७,०००. म्हणजे दहा हजारांतले हाती उरणार तीन. वर्षाचे ३६,०००. बारा वर्षे सगळे शिलकीत टाकले तर ४,३२,०००. व्याज मिळेल खरे, पण ते महागाईच्या तोंडी जाईल असे धरले.

आता नोकरी सोडल्यावर घर चालवायला, घरचा तांदूळ असताना, महिना १५,००० लागतील असा आमचा अंदाज. त्या ४,३२,००० रुपयांत किती महिने निघतील? जेमतेम एकोणतीस. म्हणजे बारा वर्षे दूर राहून फार तर दोन वर्षे पाच महिने आधी सुटका.

मग मी संध्याकाळी मोजल्या. आठवड्याच्या पाच, वर्षाचे ४८ आठवडे धरले, म्हणजे वर्षाच्या २४० आणि बारा वर्षांच्या २,८८०. इतक्या संध्याकाळी द्यायच्या, आणि त्यांच्या बदल्यात मिळायचे साधारण ८७० दिवस. ते दिवससुद्धा कधी? मुलगा कॉलेजात आणि मुलगी लग्नाची झाल्यावर. तेव्हा मुलगा सहावीत होता, मुलगी तिसरीत, आणि सासूबाईंना दिवा लागल्यावर दिसत नसे.

यजमानांनी वही मिटली आणि नकार कळवला. त्यामुळे आमच्या घरी सगळे गोड झाले असे मात्र समजू नका. शेजाऱ्यांची घरे स्लॅबची झाली, आमच्या मागच्या पडवीवर अजून पत्राच आहे. मुलाला शहरात शिकवणी लावायची होती, ती लावता आली नाही. ‘बाप चाकणला गेला असता तर...’ असे तो एकदा बोललाही. ते शब्द बाप ऐकून गप्प बसला. पण त्याच मुलाची दहावीच्या आधीची भूमिती बापानेच, जेवण झाल्यावर, रोज एक तास घेतली होती. सासूबाई शेवटचे वर्षभर अंथरुणाला होत्या. त्यांना उचलून ओट्यावर बसवायला रोज संध्याकाळी मुलगा घरी होता. याची किंमत मी कोणत्या रकान्यात लिहू?

तरी माझे म्हणणे असे नाही की सर्वांनी आमच्यासारखेच करावे. आपल्याच वाडीत एका घरी आजारपणापायी कर्ज झाले होते, तेही शेकडा तीन रुपये महिन्याच्या व्याजाने. त्या घरचा माणूस बाहेर गेला नसता तर शेतच गेले असते. तो गेला, हे शहाणपणाचेच केले. पण जाताना नवराबायकोंनी मुदत ठरवली: कर्ज फिटले की त्या वर्षाच्या आवणीला परत. चार वर्षांनी कर्ज फिटले तेव्हा मालकाने आणखी पगार देऊ केला. माणूस डळमळला. बायको इतकेच म्हणाली, ‘कर्ज आपण फेडले, आता तुम्ही कोणाचे फेडायला राहता?’ तो परत आला. गरजेसाठी घेतलेला जास्त पगार आणि सवयीने घेतलेला जास्त पगार यांत हाच फरक आहे. पहिल्याला शेवट असतो, दुसऱ्याला नसतो.

आता शहरातल्या लेकीसुनांकडे वळते. माझी एक भाची पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे, जावईही तसेच. वय ३६. त्यांचा बेत ४५ व्या वर्षी नोकरी सोडायचा. हल्ली शिकलेल्या मुलामुलींत ही ओढ पुष्कळ आहे, आणि तिला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. नुकतेच तिला वरचे पद देऊ केले: पगार बराच मोठा, पण महिन्यातले पंधरा दिवस बंगळूरला. ती मला म्हणाली, ‘मावशी, हे घेतले तर ४२ व्या वर्षीच मोकळी होईन.’ मी तिला विचारले, ‘तुझी लेक आता सहा वर्षांची. तू मोकळी होशील तेव्हा ती बारा वर्षांची असेल. या सहा वर्षांत तिचे दुधाचे दात पडतील, ती वाचायला लागेल, घाबरली की आईच्या कुशीत शिरेल. पुढे ती तुझ्याजवळ येईलही, पण ती वेगळी मुलगी असेल. तिच्या सहा ते बारा वर्षांच्या बदल्यात बारा ते पंधरा वर्षे तुला चालणार असतील, तर जा. पण हा सौदा आहे हे ओळखून जा.’

तिच्याशी बोलताना दुसरी एक गोष्ट निघाली, ती तुम्हालाही उपयोगी पडेल. विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९९४ साली तिकडच्या जुन्या आकड्यांवरून दाखवले, की निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीतले ४ टक्के काढले आणि पुढे महागाईपुरतेच वाढवत गेले, तर पुंजी किमान ३० वर्षे पुरली असती. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पुंजी. पण जो पंचेचाळिशीतच घरी बसणार, त्याला चाळीसहून अधिक वर्षे काढायची असतात, आणि आपल्याकडे महागाईही जास्त. म्हणून तिने ३० पट धरली होती. आता पाहा, महिन्याचा खर्च १,००० रुपयांनी कमी झाला तर वर्षाला १२,००० शिल्लक पडतात. शिवाय लागणारी पुंजी तीसपटीने, म्हणजे ३,६०,००० रुपयांनी कमी होते. काटकसर दोन्ही बाजूंनी काम करते, पगारवाढ एकाच बाजूने. आणि पगार वाढला की खर्चही वाढायची सवय लागली, तर निवृत्तीचे वर्ष क्षितिजासारखे पुढे पुढे सरकत राहते. भाचीने अजून उत्तर दिलेले नाही, आणि मीही विचारत नाही. निर्णय तिचा आहे. पण ती आता नुसता पगार न मोजता संध्याकाळीही मोजते आहे.

नोकरी सोडण्याआधी चार गोष्टी चौकशी करून घ्याव्यात. कायम नोकरदाराला ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे पाच वर्षांची अखंड सेवा लागते. जास्त पगारासाठी मालक बदलला की ती मोजणी नव्याने सुरू होते. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत दहा वर्षांची सेवा झालेली असावी लागते. पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी. त्याआधी घेतली तर दर वर्षामागे चार टक्के कपात. राज्य सरकारच्या नोकरीत २० वर्षे पात्र सेवा झाल्यावर स्वेच्छानिवृत्ती मागता येते. आणि कंपनीने उतरवलेला आजारपणाचा विमा नोकरीबरोबरच जातो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

निवृत्त होऊन करायचे काय, हाही विचार हवा. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसन कॉलेजात शिकवीत. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी सुमारे वीस वर्षे अल्प वेतनावर, दरमहा ७५ रुपयांवर, काम करण्याचा नेम घेतला होता. तो पुरा करून गोखले १९०२ साली, वयाच्या ३६ व्या वर्षी, थोड्याशा पेन्शनवर बाहेर पडले आणि १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. लवकर निवृत्ती म्हणजे नुसते बसणे नव्हे, हे आपल्या महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच पाहिले आहे. उलट २०१९-२० साली भारत संचार निगमच्या ७८ हजारांहून अधिक लोकांनी पन्नाशीनंतर एकदम स्वेच्छानिवृत्ती घेतली. इतक्या घरांत माणसे एका दिवसात घरी आली. अशा वेळी ज्या घरात आधीपासून एकत्र बसायची सवय आहे, तिथेच ते बसणे सुखाचे होते.

आणि शेवटी आपली गोष्ट. पुरुष पन्नाशीला निवृत्त होईल, पण बाईचे काय? तिला पाणी भरायला, चूल पेटवायला, आवणीला वाकायला कोणी निवृत्तीचे वय ठरवून दिलेले नाही. नवरा लवकर घरी येऊन ओट्यावर बसला आणि ‘चहा टाक’ म्हणू लागला, तर त्याच्या निवृत्तीने हिचे काम वाढलेच! म्हणून पुंजीचा हिशेब करताना कामाच्या वाटणीचाही करावा. आमच्याकडे ते ठरले आहे: सकाळचे पाणी आणि संध्याकाळची भांडी यजमानांकडे. सुरुवातीला लोक हसले, आता हसत नाहीत.

तेव्हा माझी आपल्याला एवढीच विनंती आहे. घरात जास्त पगाराचे बोलावणे आले की वहीचे एक पान घ्यावे. एका बाजूला वरखर्च वजा जाता खरोखर हाती उरणारी रक्कम लिहावी, दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या संध्याकाळी. खाली लिहावे, की हा पैसा कोणत्या गरजेसाठी आणि किती दिवसांपर्यंत. मुदत लिहिता येत नसेल, तर आणखी एकदा विचार करावा. आणि हे पान नवरा-बायकोंनी मिळून लिहावे. मुले जाणती असतील तर त्यांनाही जवळ बसवावे, कारण खर्च होणारी वर्षे त्यांचीही आहेत.

ज्यांना हिशेब मांडायला मदत हवी असेल त्यांनी दर महिन्याच्या बैठकीला यावे. मी वही आणि पेन्सिल घेऊन असेनच.